दोन पोकलेन म्हणजे धबधबा

"जावईबापू, दोन गेले."

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झालेली. सासुरवाडीहून या वेळी असा फोन आला की माणूस अंथरुणातच सगळ्यांची वयं मोजायला लागतो. बायकोनं उशीवरूनच भुवयांनी विचारलं, कोण? मी आवाज जमेल तेवढा जड केला. "कोण कोण, आबा?"

"कोण कोण काय? पोकलेन! ट्रेलरवर व्हते. वडीगोद्रीच्या फाट्यावरून आत्ताच गेले. तोंड पाचोडकडं." मग शेजारी कुणी ऐकत नाही ना याची खात्री केल्यासारखे थांबून म्हणाले, "पाचोडहून पैठण. दोन पोकलेन म्हंजे धबधबा. म्या सांगितलं म्हनून सांगू नका." आणि फोन बंद.

वडीगोद्रीचा तो रस्ता म्हणजे धुळे-सोलापूर महामार्ग. त्यावर पाचोडकडं तोंड करून निघालेली वस्तू संभाजीनगरला जाऊ शकते, धुळ्याला जाऊ शकते, मनात आणलं तर इंदूरलाही पोचते. पण आबांच्या हिशेबात पाचोडकडं तोंड केलेलं यंत्र एकाच ठिकाणी जातं, पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानात. बाकी मुलूख त्याला दिसतच नाही.

आबा माझे चुलत सासरे. मुक्काम अंतरवाली सराटी, तालुका अंबड, जिल्हा जालना. दोन एकर मोसंबी, थोडा ऊस, थोडी कपाशी आणि बाकी सगळा अंदाज. असा माणूस तुमच्याकडेही असणारच. तो मेट्रोच्या खांबाखाली मान वर करून उभा असतो. उड्डाणपुलाच्या खड्ड्याशी हात पाठीमागं बांधून तासन् तास बघत राहतो आणि गवंड्याला सल्ला देतो. इटलीत बोलोन्या नावाच्या शहरात अशा म्हाताऱ्यांसाठी 'उमारेल' असा स्वतंत्र शब्दच आहे म्हणे. पण बोलोन्याचे म्हातारे समोर चाललेलं काम बघतात. समोर काहीच नसताना काम बघणं ही आमच्या आबांची सिद्धी.

पोकलेनचं शास्त्र त्यांनी स्वतः बसवलेलं आहे. एक पोकलेन म्हणजे तळं. दोन पोकलेन म्हणजे धबधबा. तीन म्हणजे डोंगर, कारण दोघांनी खणलेली माती टाकायला तिसरा लागतोच. चार पोकलेन त्यांनी एकत्र असे एकदाच पाहिले, समृद्धी महामार्गाचं काम जालन्याजवळ चालू होतं तेव्हा. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. चाराचं काय होतं हे त्यांना ठरवताच आलं नाही.

जेसीबीला या शास्त्रात स्थान नाही. जेसीबीला टायर असतात, तो स्वतःच्या पायानं रस्त्यानं फिरतो, पुढं सुपडं, मागं सोंड, बोलावलं की येतो. "जेसीबी म्हंजे किरकोळ. चारी काढायची, संडासाचा खड्डा घ्यायचा." पोकलेन मात्र साखळीच्या पट्ट्यावर चालणारा, डांबरी रस्त्यावर उतरलाच तर डांबर सोलून काढणारा. म्हणून तो ट्रेलरवर बसून जातो. "नवरदेवागत," आबा म्हणतात. त्याच्या पुढं कोण, मागं कोण, बकेट बांधलेली की सुटी, चेनला लागलेली माती काळी की तांबडी, हे सगळं आबा फाट्यावरच्या हॉटेलातून एका नजरेत टिपतात. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक भट्टी, दोन बाकडी. आबांची जागा रस्त्याकडच्या बाकड्याच्या टोकाला. तिथं दुसरं कुणी बसलं तर त्याला चहा उशिरा मिळतो.

पाइपांचं वेगळं शास्त्र. काळे पाइप म्हणजे कारंजं, निळे पाइप म्हणजे घसरगुंडी. एकदा काळ्या पाइपांनी भरलेला ट्रक दिसला म्हणून मला भर दुपारी, ऑफिसात साहेबांसमोर बसलो असताना, तीन फोन आले. आठवड्यानं तेच पाइप आबांच्या गल्लीत, त्यांच्याच उंबऱ्यापुढून, नळयोजनेसाठी पुरले गेले. मी जरा खवचटपणानंच विचारलं, "आबा, कारंजं दारात आलं की!" आबा डगमगले नाहीत. "उरलेले तिकडं गेले," ते म्हणाले.

माझ्या नशिबी हे फोन येतात त्यालाही कारण आहे. मी राहतो संभाजीनगरला. विभागीय आयुक्तांचं कार्यालय संभाजीनगरला. म्हणजे मला आतलं ठाऊक असणार! मी कुठल्या खात्यात आहे, माझ्या टेबलावर कसले कागद येतात, याची आबांनी कधी चौकशी केली नाही. मी "मला खरंच काही माहीत नाही" म्हटलं की ते डोळा बारीक करून हसतात आणि बाकड्यावरच्या मंडळींना सांगतात, "बोलत न्हाईत. सरकारी मानूस हाय. मंजे कायतरी हाय."

आता ज्या बागेपायी हे चाललंय तिच्याबद्दल. मराठवाड्यात ज्यांची शाळा पंचवीस-तीस वर्षांपूर्वी झाली त्यांना ती सांगावी लागत नाही. सहल म्हटली की पैठण. सकाळी संत एकनाथांचं मंदिर, दुपारी धरण, संध्याकाळी बाग. जायकवाडीच्या धरणाच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर केलेली, सव्वाशे हेक्टरांची. धरणावर सर सत्तावीस दरवाजे मोजायला लावायचे आणि प्रत्येकाचे वेगळे निघायचे. मग अंधार पडायची वाट बघत पोरं लॉनवर बसायची, डब्यातली दशमी चटणीसकट सुकून गेलेली. आणि मग गाणं लागून पाणी लाल, हिरवं, पिवळं होऊन नाचायला लागायचं. वर्षातले सहा महिने टँकरची वाट बघणाऱ्या गावातली आम्ही पोरं. पाणी नाचतं हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर सांगणाऱ्याला मारलं असतं.

पुढं बागेची रया गेली. कारंजी थकली, गवत माजलं, सहलीच्या बसगाड्या दुसरीकडं वळल्या. आणि 'उद्यानाचा कायापालट होणार' ही बातमी मात्र दर दोन-तीन वर्षांनी, आंब्याच्या मोहोरासारखी, येत राहिली. मोहोर गळतो याचं कुणाला काही वाटत नाही. आबांना वाटतं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत या बातम्यांची कात्रणं आहेत, तारीखवार. पेटीत सातबाराही आहे, पण तो खाली.

काय होणार, याचा नकाशा आबांनी एका खताच्या कंपनीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून ठेवलाय. फेब्रुवारीच्या मागं प्रवेशद्वार, मार्चच्या मागं तळं, असा तो बारा महिने पसरला आहे. हा नकाशा हॉटेलात उलगडला की गिऱ्हाइकं चहाचे ग्लास उचलून धरतात. मी एकदा दिवाळीला गेलो असताना अडीच तास तो चालला.

बाग ज्ञानेश्वरांच्या नावाची, तेव्हा आत काय पाहिजे? आबांच्या मते पहिला मान रेड्याचा. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं ज्यानं वेद म्हटले तो. जिवंत रेड्याएवढा, यंत्राचा, डोळे हलणारा. दहा रुपयांचं नाणं टाकलं की वेद म्हणणार.

"कोंच्या वेदातलं?" सलूनवाल्यानं विचारलं. सलूनवाला हा आबांचा कायमचा विरोधी पक्ष.

"दहा रुपयांत जेवढं बसंल तेवढं."

"आता नाणी कोन टाकतंय आबा? फोन-पे ठिवा. रेड्याच्या पाठीवर क्यूआर कोड."

आबांनी गंभीरपणे पेन्सिल काढली आणि रेड्याच्या पाठीवर एक चौकोन काढला. चांगली सूचना विरोधकाची असली तरी ते घेतात.

त्यानंतर भिंत. ज्ञानदेव भावंडांना घेऊन ज्या भिंतीवर बसून निघाले ती. रुळावर चालणारी, एका वेळी वीस माणसं बसतील अशी. समोरून वाघावर बसलेले चांगदेव येणार, हातात सापाचा चाबूक, वाघ डरकाळी फोडणार, पोरं किंचाळणार, आणि बरोबर वीतभर अंतरावर भिंत थांबणार. इथं गळ्यात माळ घातलेले एक बुवा, जे इतका वेळ डोळे मिटून बिडी ओढत होते, ते उठून बसले.

"भिंत आळंदीची हाय. पैठनात रेडा. पैठनात भिंत चालत न्हाई."

"बाग कुनाची? ज्ञानेश्वरांची. ज्ञानेश्वर येतानी भिंत घरी ठिवून येत्यात का?"

"मंग रेडा नाथांच्या वाड्यात न्या की! नाथांच्या घरी देव पानी भरत व्हता, त्याचं काय केलं?"

त्याचंही केलेलं होतं. जुलैच्या मागं. श्रीखंड्याची कावड. लोकांनी रांगेत कावड घेऊन यायचं आणि रांजणात पाणी ओतायचं. नाथांच्या वाड्यातला रांजण नाथषष्ठीला भरतात तसा. ज्याच्या कावडीनं रांजण भरून वाहील त्याला तिकिटाचे पैसे परत. बुवा थोडे निवले. पण भिंतीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. त्यावर हॉटेलात दोन तट आहेत आणि एका साखरपुड्यात तो निघून जेवणावळ खोळंबली होती.

शालिवाहनाचं मातीचं सैन्य सप्टेंबरच्या मागं आहे. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनानं मातीचे घोडे आणि शिपाई करून त्यात प्राण फुंकले, ही कथा आबांनी लहानपणी ऐकलेली. रात्री आठला दिवे जाणार, आणि हजारभर मातीचे शिपाई एकदम उठून उभे राहणार. हे सांगताना आबा स्वतः बाकड्यावरून उठून उभे राहिले. मला, खोटं का बोला, अंगावर काटा आला. ऑक्टोबरच्या मागं स्वच्छतागृहं आहेत, तिथं फार थांबले नाहीत.

सलूनवाल्याला यातलं काही नको. तो मित्रांबरोबर खोपोलीच्या इमॅजिकात जाऊन आलेला. त्याला पाळणा पाहिजे, लोखंडाचा, उलटा करून फिरवणारा. "आबा, पोटातलं तोंडात येतं!"

"पैसे देऊन?" आबांनी विचारलं. सलूनवाल्याकडं त्याचं उत्तर नव्हतं.

एकदा मात्र आबांना गप्प झालेलं मी पाहिलं. मार्च महिना होता. कालव्याच्या पाण्याची पाळी लांबलेली, मोसंबीनं पानं मुडपलेली. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात लोकांनी हातानं लावलेल्या मोसंबीच्या बागा कुऱ्हाडीनं तोडून सरपणाला दिल्या. ते विसरलेलं माणूस इकडं सापडणार नाही. आबा धबधब्याची उंची सांगत होते आणि कोपऱ्यातनं एक शेतकरी, मोठ्यानं नाही, नुसतं म्हणाला, "हितं पाळी मिळंना आन् तुमचा धबधबा." हॉटेलात भट्टीचा आवाज ऐकू यायला लागला. आबांनी कॅलेंडरची घडी घातली. चहा संपवला. पैसे देऊन बाहेर पडताना दाराशी थांबून म्हणाले, "त्येच त्येच पानी फिरवून वापरत्यात. मोटर असती खाली." आणि गेले.

आता तुम्ही म्हणाल, अंतरवाली सराटी म्हणजे तेच ना? तेच. २९ ऑगस्ट २०२३ ला मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी तिथं उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि ज्या गावाचं नाव सांगितल्यावर "कुठं आलं?" असं मला लग्नापासून विचारलं जात होतं ते गाव एका रात्रीत देशभर झालं. तो विषय मोठा आहे, घराघरात पोचलेला आहे, आणि त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी आबांपुरतं बोलतो. गावात चॅनेलच्या गाड्या लागलेल्या, डोक्यावर तबकड्या घेऊन. एका वार्ताहर मुलीनं आबांपुढं माईक धरला आणि विचारलं, "काका, सरकारकडून काय अपेक्षा आहे?" सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. आबांनी आधी आरक्षणाबद्दल दोन वाक्यं नीट, ठणठणीत सांगितली. ते आंदोलनाच्या मंडपात रोज जात होते, त्यात त्यांची चेष्टा नव्हती. मग माईक मागं जायच्या आत तो हातानं धरून म्हणाले, "आन् पैठनच्या बागेचं काय झालं, ते बी इचारा."

ते काही दाखवलं गेलं नाही. पण योग बघा. १४ सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गावात आले आणि जरांगेंनी त्यांच्या हातून सरबत घेऊन उपोषण सोडलं. दोनच दिवसांनी, १६ तारखेला, संभाजीनगरला मंत्रिमंडळाची बैठक भरली. मराठवाड्यासाठी जी लांबलचक यादी जाहीर झाली तीत पैठणच्या उद्यानाचंही नाव होतं. आबांनी ते कात्रण पेटीत नाही, खिशात ठेवलं. आपण माईक धरला म्हणून हे झालं असं ते उघड म्हणत नाहीत. कुणी म्हटलं तर नाहीही म्हणत नाहीत.

त्याच वर्षी त्यांच्या शास्त्राला मोठा तडाही गेला. १४ ऑक्टोबरला गावात जरांगेंची प्रचंड सभा झाली. पुढं त्यांच्या दौऱ्यांत जेसीबीच्या सुपड्यातून फुलं उधळायची रीतच पडली. गावोगावी रस्त्याच्या दोन्ही कडेला जेसीबी उभे, सुपडी वर, आणि झेंडूचा पाऊस. आबांनी जन्मभर ज्याला 'किरकोळ' म्हटलं ते यंत्र असं फुलं वाहताना पाहून ते फार अस्वस्थ झाले. मला फोन आला, या खेपेला रात्री. "जावईबापू, यंत्रावरून अंदाज घेनं अवघड झालंय. लोक त्याचं कायबी करायलेत." बराच वेळ शांतता. मग, "पोकलेनमधी मातर अजून कुनी फुलं भरली न्हाईत." शास्त्राचा मुख्य खांब वाचला होता.

माझा भाचा फ्लोरिडात असतो. तो सुटीवर आला तेव्हा मुद्दाम त्याला आबांपुढं बसवलं, म्हटलं जगाचा वारा लागू दे. भाच्यानं मोबाइलवर दाखवलं. ऑर्लँडोत युनिव्हर्सल कंपनीचं 'एपिक युनिव्हर्स' म्हणून अजस्र उद्यान २०२५ च्या मे महिन्यात उघडलं. ते उघडायच्या आधी काही वर्षं तिथं लोक हेलिकॉप्टरमधून फोटो काढायचे, कोपऱ्यात पडलेल्या लोखंडी रुळाच्या रंगावरून कुठला पाळणा येणार ते ओळखायचे, नगरपालिकेत दाखल झालेले नकाशे शोधून काढून त्यावर रात्र रात्र भांडायचे. मला वाटलं, आबा म्हणतील काय येड्यांचा बाजार. आबांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि त्या निळ्या लोखंडाकडं बघत राहिले.

"रंगावरून वळखत्यात?"

"हो आजोबा."

"बरोबर हाय," आबा हळू आवाजात म्हणाले. "निळं मंजे घसरगुंडी." आणि मग भाच्याच्या पाठीवर हात ठेवून, "चांगली मानसं हायेत तिकडं. जपून ऱ्हा."

भाच्यानं त्यांना आणखी एक गंमत सांगितली, ती मला नंतर छळत राहिली. त्याच ऑर्लँडोत साठच्या दशकात कुणीतरी गुपचूप, वेगवेगळ्या बनावट कंपन्यांच्या नावानं, हजारो एकर दलदल विकत घेत सुटलं होतं. सत्तावीस हजार एकरांवर. गावात तर्क चालू, कुणी म्हणे मोटारींचा कारखाना, कुणी म्हणे विमानांचा. शेवटी २४ ऑक्टोबर १९६५ ला तिथल्या वर्तमानपत्रानं छापलं की हे डिस्नेचं काम. मी तारीख ऐकून थबकलो. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली ती १८ ऑक्टोबर १९६५ ला. सहा दिवसांचा फरक! तिकडं पहिलं उद्यान १९७१ ला उघडलं. इकडं धरणाचं उद्घाटन इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ ला केलं. आणि आमच्याकडं तर्काला जास्तच वाव होता. धरण मुळात व्हायचं होतं बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाला. झालं वर पैठणला. नाव मात्र जायकवाडीचंच राहिलं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहानं आबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्याकडं पोकलेन व्हते." आणि पुढं काही बोलले नाहीत. मला वाटलं, विषय संपला.

गेल्या श्रावणात पैठणला एका नातेवाइकाच्या घरी जायचं होतं. आबा म्हणाले, मी येतो. गाडीत पुढं बसले, काच खाली, मांडीवर कॅलेंडरची गुंडाळी. पाचोडनंतर डावा कालवा आला तसं त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "थांबवा."

कालवा अर्धा भरून वाहत होता, गढूळ, घाई नसलेला. आबा उतरले, भरावावर चढले आणि टाचेनं माती दाबून बघू लागले. ते लघवीला थांबलेत असं समजून मी दुसरीकडं बघत होतो.

"हित्तं नव्हं, पुढं, आपल्या शिवाराकडं," ते म्हणाले. "पन माती हीच."

बहात्तरचा दुष्काळ. आबा आठ वर्षांचे. आई कालव्याच्या कामावर, पहाटे जायची ती दिवस बुडाल्यावर यायची. पोरांना तिथं सुकडी मिळायची म्हणून आबाही जायचे. मिलोची लाल भाकरी, गिळताना घशाला चरे पडायचे, आणि ती अमेरिकेहून आली म्हणून पोरं एकमेकांना सांगायची. बाया रांगेत, डोक्यावर पाटी, खाली खड्ड्यातून वर भरावावर. मुकादम मस्टर धरून. हे काय करायलेत, असं आबांनी आईला विचारलं होतं. बायांमध्ये तेव्हाही अंदाजच चालायचे. कुणी म्हणे रेल्वे येणार. कुणी म्हणे नुसतंच काम द्यायचं म्हणून खड्डा घ्यायलेत, नंतर बुजवणार. आई म्हणाली होती, इथून पाणी जाणार.

"आमी हासलो," आबा म्हणाले. "प्याला पानी नव्हतं हो. वर ढग दिसंना. आन् ही म्हनती, नदीएवढं पानी जानार, ती बी आपल्या दारावरून."

मी काही बोललो नाही. वाहत्या पाण्याकडं बघून काय बोलायचं?

"एका पोकलेनवाल्या पोराला इचारलं व्हतं म्या," ते उतरता उतरता म्हणाले. "एका बकेटात साठ-सत्तर पाट्या माती बसती. एक डाव सोंड फिरवली की साठ-सत्तर पाट्या." त्यांनी दोन्ही हात डोक्याशी नेऊन पाटी धरल्यासारखे केले आणि सोडले. "माझी माय दिवसाकाठी किती आनायची, त्ये कुनी मोजलं न्हाई. मुकादमानं मानसं मोजली."

गाडीत बसल्यावर त्यांनी कॅलेंडर उलगडलं नाही. धरण आलं, त्याचा जलाशय, नाथसागर, पार आभाळाला टेकलेला. उद्यानाच्या बाजूला गाडी घेतली तेव्हा मी विचारलं, आत जायचं का? आबा माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी मुलीकडच्यांना थेट मुलीचं वय विचारलं. त्यांना आत जायचंच नव्हतं. आत गेल्यावर अंदाज कसला घ्यायचा? आम्ही बाहेरूनच, हळू, पहिल्या गिअरमध्ये गेलो. भिंत, झाडी, पुन्हा भिंत. आबांची मान कासवासारखी बाहेर.

रस्त्याच्या कडेला, एका लिंबाखाली, एक पोकलेन उभा होता. कुणाचा, कशासाठी, काही पत्ता नाही. इंजिन बंद, ड्रायव्हर नाही, चेनमध्ये गवत उगवलेलं. बकेट जमिनीवर टेकलेली आणि तीत पावसाचं पाणी साचलेलं. आणि वर, सोंडेच्या अगदी टोकाला, एका पायावर एक बगळा.

"एक," आबा पुटपुटले. मला वाटलं, आता म्हणणार तळं.

ते काही म्हणाले नाहीत. मी गाडी थांबवली. बगळ्यानं आमच्याकडं पाहिलं, पाय बदलला आणि पुन्हा धरणाच्या पाण्याकडं तोंड केलं. आबांनी कॅलेंडर उलगडलं, मार्च पाहिला, मिटवलं. परत फिरलो. गाव मागं पडलं. पाचोड येईपर्यंत ते बाहेर बघत होते आणि त्यांचे ओठ काहीतरी हिशेब करत होते. कालवा पुन्हा ओलांडला तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. फाट्यावरच्या हॉटेलाचे पत्रे दिसायला लागले तसे एकदम सरळ बसले.

"पक्ष्यांचं कायतरी करायलेत," ते म्हणाले. "एक पोकलेन आन् वर बगळा. दुसरं काय असनार?" आणि दार उघडायच्या आधी, बाकड्यावर कोण कोण बसलंय ते काचेतून बघून घेत, खालच्या आवाजात, "म्या सांगितलं म्हनून सांगू नका."